पानांनी मान टाकली, की आधी काय पाहायचं?

झाडाची तब्येत बिघडली की आपण मराठीत किती शब्द वापरतो! पान कोमेजतं, मलूल होतं, मान टाकतं, सुकतं, करपतं, पिवळं पडतं, गळतं आणि सगळं संपत आलं की झाडाला ‘मर लागली’ असं म्हणतो. मंडळाच्या बैठकीत आपण अशा शब्दांच्या छटांवर तासन् तास बोलतो. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसायला लागल्यापासून मला एक गोष्ट जाणवली, की हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. करपलेलं पान कडेने तपकिरी आणि कुरकुरीत होतं, ते परत हिरवं होत नाही. कोमेजलेलं पान मऊ पडतं, पण बहुतेक वेळा हिरवंच असतं आणि उठूही शकतं. पिवळेपणाची कारणं आणखी वेगळी. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांनी झाडाकडे नीट पाहिलं होतं.

या लेखात मी फक्त एकाच लक्षणाबद्दल लिहिणार आहे, ते म्हणजे पानांनी मान टाकणं. उदाहरणं वांगी, टोमॅटो आणि मिरचीची घेते. ही तिन्ही एकाच कुळातली, आपल्याकडे परसात, वायंगणी शेतात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत सगळीकडे लावली जाणारी. शिवाय मान टाकण्याची जवळजवळ सगळी कारणं या तीन झाडांत बघायला मिळतात.

हे लिहावंसं वाटलं त्याचं कारण साधं आहे. पान खाली झुकलेलं दिसलं की आपला हात आपोआप पाण्याच्या झारीकडे जातो. पाणी हे एका कारणावरचं अचूक औषध आहे. पण बाकीच्या कारणांवर ते निरुपयोगी आहे आणि दोन-तीन ठिकाणी तर तेच झाडाचा जीव घेतं.

पान ताठ राहतं ते कशाच्या जोरावर?

पानात हाडं नाहीत. खोडात निदान लाकूड असतं, कोवळ्या पानात तेही फारसं नसतं. तरी ते आडवं, ताठ उभं राहतं, कारण त्याच्या प्रत्येक पेशीत पाणी दाबून भरलेलं असतं. सायकलच्या टायरमधली ट्यूब डोळ्यांपुढे आणा. आतली हवा बाहेर ढकलते, टायर तिला अडवतो आणि त्या दोघांच्या ओढाताणीत चाक टणक होतं. पेशीत हवेच्या जागी पाणी असतं आणि टायरच्या जागी पेशीभित्तिका. पेशीतल्या रसात क्षार आणि शर्करा असतात, म्हणून बाहेरचं पाणी परासरणाने आत येत राहतं. पाणी कमी झालं की दाब उतरतो, पंक्चर झालेल्या चाकासारखं पान बसतं.

पाणी सतत लागतं, कारण ते सतत खर्च होतं. पानांवरच्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीनेच मुळांपासून शेंड्यापर्यंत जलवाहिन्यांतून पाणी वर खेचलं जातं. हा खर्च पहिल्यांदा नीट मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्लिश धर्मगुरूने. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी चर्चचं काम सांभाळता सांभाळता त्याने कुंडीतलं एक सूर्यफूल घेतलं, मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ कुंडी वजन करत राहिला. साडेतीन फूट उंचीचं ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त पाणी हवेत सोडत होतं. १७२७ साली त्याने हे पुस्तकरूपाने छापलं. हाताशी फक्त तराजू आणि चिकाटी होती.

तर पानाचं ताठ राहणं हा रोजचा जमाखर्च आहे. तो चार ठिकाणी बिघडू शकतो. मातीत पाणीच नसेल. पाणी असेल, पण मुळांना ते घेता येत नसेल. मुळांनी घेतलं, पण वाटेत नळी तुंबली असेल किंवा तुटली असेल. नाहीतर खर्चच आवाक्याबाहेर गेला असेल. मान टाकलेल्या कुठल्याही झाडापुढे उभं राहिल्यावर या चारांपैकी काय घडलंय तेवढंच शोधायचं असतं.

हात लावण्याआधीचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, केव्हा? भर दुपारी दोन वाजता झुकलेलं झाड बघून निदान करू नये. मार्च-एप्रिलच्या उन्हात दुधी, कोहळा, भोपळा यांची मोठी पानं माती ओली असतानाही दुपारी लोंबतात आणि सूर्य कलला की आपोआप उठतात. तिथे खर्च मिळकतीपेक्षा थोडा वेळ जास्त झालेला असतो, आजार नसतो. खरी परीक्षा सकाळी, ऊन चढण्याआधी. रात्रभर पर्णरंध्रं बहुतेक मिटलेली असतात, त्यामुळे झाडाला तूट भरून काढायला पूर्ण रात्र मिळते. सकाळी सहालाही पान खालीच असेल, तर काळजीचं कारण आहे. काही झाडं संध्याकाळी पानं मिटतात, चिंच, शिरीष, आंबुटी यांची ती रोजची सवय आहे. तिला औषध नको.

दुसरा प्रश्न, कोणती पानं? सगळं झाड एकदम झुकलंय, फक्त खालची पानं, एकच बाजू, की एकच शेंडा? नळी कुठे तुटली आहे याचा पत्ता इथेच लागतो.

तिसरा, किती झाडं आणि कोणत्या ओळीने? अख्खा वाफा एकदम झुकला असेल तर पाणी, ऊन, खत किंवा मीठ यांचा संशय घ्यावा. मध्येच एक झाड, मग आठवड्याने त्याच्या शेजारचं, मग पाटाच्या खालच्या अंगाची दोन, असं असेल तर काहीतरी पसरतंय.

चौथा, स्पर्श. पान बोटांत धरा. पातळ, गार, फडक्यासारखं लिबलिबीत लागतं, की जाड, टणक असून फक्त देठापासून खाली वाकलंय? हा फरक फार मोलाचा आहे आणि तो डोळ्यांना कळत नाही, बोटांनाच कळतो.

तहान आणि गुदमरणं

माती कोरडी आणि पान लिबलिबीत, हा सगळ्यांत सोपा प्रकार. तर्जनी दोन पेरं मातीत घाला. आत कोरडं लागलं तर पाणी द्या, तासा-दोन तासांत पान उठायला लागेल. कुंडीत कोकोपीट पूर्ण वाळलं असेल तर वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. अशी कुंडी बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. पाणी देऊनही उठलं नाही, तर एक तर झाडाने हद्द ओलांडली आहे, नाहीतर कारण दुसरं आहे. पाण्याचा दुसरा डोस देण्याआधी थांबावं.

आता याच्या उलट. माती चिखलासारखी ओली, तरी झाड झुकलेलं. पुष्कळ जणांना हे कोडं वाटतं. मुळं जिवंत असतात, त्यांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा जाते कुठे? बाहेर. मुळं गुदमरतात आणि गुदमरलेलं मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने कासावीस होतं. टोमॅटोत आणखी एक गंमत होते. गुदमरलेल्या मुळांत तयार झालेलं एक रसायन वर पानांकडे जातं, तिथे त्याचं इथिलीन होतं आणि त्या वायूमुळे देठाचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त वाढतो. पान खाली वाकतं, पण टणकच राहतं. म्हणून मी स्पर्शाचा प्रश्न विचारला होता. टणक आणि वाकलेलं पान म्हणजे बहुधा जास्त पाणी. मऊ आणि लोंबतं पान म्हणजे दाब उतरलाय.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या झाडांना हेच भोवतं. जांभ्या दगडाच्या उतारावर पाणी निघून तरी जातं, सखल जागेत ते तुंबतं. तिथे उंच गादीवाफे करावेत, कुंडीखालची ताटली काढून टाकावी, भोक बुजलंय का ते बघावं. फार दिवस गुदमरलेली मुळं कुजतात. निरोगी मूळ पांढरं आणि चिवट असतं. कुजलेलं तपकिरी होतं, ओढलं की साल हातात येते आणि मध्ये दोरा उरतो.

मीठ आणि खत

गोव्यातल्या खाजनांत हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. बांध फुटला, मानशीतून नको तेव्हा खारं पाणी आत शिरलं, की माती ओली असूनही पीक मान टाकतं. परासरणाचा हिशेबच तिथे उलटतो. मातीतलं पाणी पेशीतल्या रसाइतकंच किंवा त्याहून खारट झालं, तर ते आत येईनासं होतं.

परसातल्या वाफ्यात समुद्र नसतो, पण युरियाची मूठ असते. लहान रोपाच्या बुंध्याशी जास्त खत पडलं की मुळांभोवती तेच घडतं. खत टाकल्यानंतर एक-दोन दिवसांत झुकलेलं झाड आणि पानांच्या करपलेल्या कडा, ही त्याची खूण. ‘खत जाळतं’ असं म्हणतात ते खरं आहे, फक्त तिथे आग नसते, तहान असते. इथे मात्र भरपूर पाणी हे योग्य औषध आहे, कारण ते जादा क्षार खाली वाहून नेतं. अट एवढीच, की पाण्याचा निचरा झाला पाहिजे.

एकच शेंडा, एकच फांदी

वांग्याचं झाड ठणठणीत आहे आणि एकच कोवळा शेंडा मान टाकून बसलाय, असं दिसलं तर पाणी, खत, रोग सगळं विसरा. शेंड्याखाली बारीक भोक आणि त्यात विष्ठा दिसेल. उभा चिरलात तर आत गुलाबीसर अळी सापडेल. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिने त्या एका फांदीची नळी आतून खाल्लेली असते. शेंडा भोकाच्या खाली कापून नष्ट करायचा, आठवड्यातून एकदा सगळ्या ओळींवरून नजर फिरवायची, कामगंध सापळे लावायचे. झुकलेला शेंडा तसाच सोडला तर पुढची पिढी फळांत शिरते.

पूर्ण झाड झुकलंय आणि ओढताच अलगद हातात येतं, तर बुंधा आणि मुळं तपासा. हुमणीने मुळं कुरतडलेली असतील किंवा वाळवी लागली असेल. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमींचं काम. असं झाड सकाळी ठीक आणि दुपारी मलूल, असं आठवडेच्या आठवडे चालतं आणि वाढ खुंटते. आलटून पालटून झेंडू लावला तर सूत्रकृमी कमी होतात. बाजारात मागणी असलेलं फूल, तेव्हा हा उपाय कुणाला जड जात नाही.

हिरव्या पानांची मर आणि पाण्याचा ग्लास

आता सगळ्यांत वाईट कारण. माझी आत्या बार्देशात भात कापल्यानंतर वायंगणीला वांगी लावते आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकते. तिच्यासाठी ते मीठ-मिरचीचे पैसे नाहीत, घरखर्चाचे आहेत. गेल्या हंगामात फळधारणेच्या सुमाराला तिची झाडं एकेक करून मान टाकू लागली. पानं हिरवीगार, डाग नाही, पिवळेपणा नाही. आधी एक, मग पाटाच्या खालच्या अंगाची तीन. “पाणी तर दोनदा घालते बाय, तरी मेली उभी राहत नाहीत,” असं तिने मला फोनवर सांगितलं. कुणीतरी दुकानातून बुरशीनाशक आणून दिलं होतं, त्याच्या दोन फवारण्या झाल्या होत्या. फरक शून्य.

रविवारी मी गेले तेव्हा दोन प्रश्नांची उत्तरं आधीच मिळालेली होती. झाडं सकाळीही झुकलेलीच होती आणि प्रादुर्भाव पाण्याच्या वाटेने सरकत होता. आम्ही एक झाड उपटलं. मुळांवर गाठी नाहीत, अळी नाही. बुंध्याजवळचा बोटभर लांब तुकडा धारदार सुरीने कापला आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात असा टांगला, की खालचं टोक फक्त बुडेल. ग्लास हलवायचा नाही, उजेडाकडे धरून बघायचं. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ पांढरे धागे खाली उतरायला लागले, अगरबत्तीचा धूर उलटा सोडल्यासारखे. आत्या म्हणाली, “हे काय गं, पू?” जवळजवळ तसंच. ते कोट्यवधी जिवाणू होते.

हा जिवाणूजन्य मर रोग. जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. हा मातीत राहतो, मुळांच्या बारीक जखमांतून शिरतो, जलवाहिन्यांत वाढतो आणि चिकट पदार्थ सोडून त्या तुंबवतो. इतक्या झटपट, की पानाला पिवळं पडायलाही सवड मिळत नाही. उष्ण, दमट हवा आणि आम्लधर्मी माती त्याला मानवते, म्हणजे आपला कोकणपट्टा त्याला घरच्यासारखाच. टोमॅटो, मिरची, बटाटा, आलं, केळी धरून दोनशेहून जास्त वनस्पतींना त्याची लागण होऊ शकते.

बुरशीमुळे होणारी मर, म्हणजे फ्युजेरियम, दिसायला जवळची असली तरी चाल वेगळी. ती हळू येते, खालची पानं आधी पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाची एकच बाजू. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघा दिसतात. पण ग्लासात धागे उतरत नाहीत. एवढ्या एका ग्लासाने पुढचा सगळा खर्च ठरतो, कारण बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही. आत्याचे त्या दोन फवारण्यांचे पैसे फुकट गेले. आणि दिवसातून दोनदा सोडलेलं पाटाचं पाणी जिवाणूंना एका झाडापासून दुसऱ्याकडे पोचवत होतं.

मग करायचं काय?

लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही, हे आधी स्पष्ट सांगावं लागतं. आत्याला ते ऐकणं कठीण गेलं. तीसेक झाडं उपटावी लागली. बाकीची वाचवता येतात आणि तिची बरीचशी वाचली. आजारी झाड मुळासकट उपटून जाळायचं, खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही. त्या जागेवरून पाणी पुढे वाहू द्यायचं नाही, प्रत्येक झाडाला वेगळं पाणी द्यायचं. आजारी ओळीत वापरलेली कुदळ किंवा सुरी धुतल्याशिवाय दुसरीकडे न्यायची नाही. खुरपणी करताना मुळं दुखवायची नाहीत.

पुढच्या हंगामासाठी जागा बदलायची. त्याच जमिनीत वांग्यानंतर टोमॅटो आणि टोमॅटोनंतर मिरची लावणं म्हणजे जिवाणूला वर्षभर जेवण वाढणं. मधे भात किंवा मका घ्यावा. भाताच्या शेतात पाणी साठून राहतं, तिथे हा हवा लागणारा जिवाणू कमी होतो. आपल्याकडची पावसाळी भात आणि मग वायंगणी भाजी ही जुनी पद्धत या बाबतीत शहाणपणाची आहे. पण भाजीचा तुकडा दरवर्षी तोच ठेवला तर तिचा फायदा अर्धाच राहतो. माती फार आम्ल असेल तर माती परीक्षण करून चुना घालावा.

बियाणं निवडतानाही विचार करावा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का निधी, अर्का केशव आणि अर्का नीलकंठ हे वांग्याचे वाण या रोगाला प्रतिकार करतात. टोमॅटोत अर्का रक्षक आहे. आपल्या जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनेही या रोगाला तोंड देणाऱ्या वांग्यांवर काम केलंय. दुसरा मार्ग कलमाचा. रानवांग्याच्या चिवट मुळांवर आपल्या आवडीच्या वांग्याचा शेंडा बांधायचा. मुळं रानातली, फळ घरचं. आगशीच्या वांग्याची चव सोडायची नसेल त्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा.

थोडक्यात

माती कोरडी, पान मऊ: पाणी द्या.
माती ओली, पान टणक पण वाकलेलं: पाणी थांबवा, निचरा बघा.
खतानंतर झुकलं, कडा करपल्या: भरपूर पाण्याने क्षार धुऊन काढा.
दुपारी झुकतं, संध्याकाळी उठतं: वाट बघा. आठवडाभर चाललं आणि वाढ खुंटली तर मुळांवरच्या गाठी तपासा.
एकच शेंडा: भोक शोधा, कापा.
खालून पिवळं पडत, हळूहळू: खोड चिरून तपकिरी रेघा बघा.
हिरवं असतानाच, सकाळीही झुकलेलं, शेजारी पसरतंय: ग्लास घ्या.

आपल्या महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला, प्रयोगशाळेच्या भिंतीलगत मिरचीची सात-आठ झाडं आहेत. येत्या आठवड्यात तिथून जाताना, शक्यतो पहिल्या तासाच्या आधी, एखादं पान बोटांत धरून बघा. टणक लागलं की मऊ, एवढं लक्षात ठेवा आणि दुपारी परत बघा. दोन्ही वेळचं उत्तर वेगळं आलं तर का, हे तुम्हाला आता सांगता येईल.